भंडारदऱ्याचा मुक्काम: खोलीआधी धरणाचा आकडा बघा

भंडारदऱ्याचं हॉटेल शोधायला बसलं की सगळीकडे एकच फोटो दिसतो: गॅलरीच्या कठड्याखाली काठोकाठ निळं पाणी आणि पलीकडे रतनगडाची रांग. फोटो खोटा नसतो, फक्त पावसाळा सरता सरता काढलेला असतो. त्याच गॅलरीतून मेमध्ये करड्या गाळाचा लांबच लांब उतार दिसतो आणि पाणी पार खाली गेलेलं असतं. पैसे मात्र 'लेक व्ह्यू'चेच घेतात.

याचं कारण साधं आहे. आर्थर लेक म्हणून जो ओळखला जातो तो नैसर्गिक तलाव नव्हे, प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. धरण १९२६ साली पुरं झालं. भिंत सुमारे ८२ मीटर उंच, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ढोबळ ११ टीएमसी. हे पाणी पर्यटकांसाठी नाही, खालच्या संगमनेर-श्रीरामपूर पट्ट्यातल्या शेतीसाठी आहे. पाटबंधारे खातं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक पाळीचं पाणी, सोडतं तसा काठ मागे सरकतो. खोली कुठली घ्यायची, बोट चालू असेल का, धबधबे पडत असतील का, तंबू कुठे लागेल, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आकडा कसा वाचायचा

पावसाळ्यात नगर-नाशिकच्या वर्तमानपत्रांत भंडारदऱ्याचा साठा जवळजवळ रोज छापून येतो, 'दलघफू' म्हणजे दशलक्ष घनफुटांत. आकडा दहा हजारांच्या वर असेल तर धरण भरल्यात जमा. सात-आठ हजारांपर्यंत काठ बरा दिसतो. चार हजारांच्या खाली गेला की काठावरच्या हॉटेलातूनही पाणी 'तिकडे लांब' असतं. हे ठोकताळे आहेत, पण खोली ठरवायला पुरेसे आहेत.

चांगल्या पावसाच्या वर्षी जून अखेरीपासून पाणी चढू लागतं आणि १५ ऑगस्टच्या आसपास धरण भरतं. डिसेंबरपर्यंत ते बऱ्यापैकी टिकतं. मग रब्बीची आणि त्यानंतर उन्हाळी आवर्तनं लागतात, तसा साठा उतरत जातो. पाऊस कमी झालेल्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचा आदेश निघतो, तेव्हा नोव्हेंबरातच पातळी घसरू शकते. म्हणून 'मागच्या दिवाळीत कसलं भरलेलं होतं' यावर यंदाचं बुकिंग करू नका.

आकडा मिळाला नाही तर हॉटेलवाल्याला फोन करून आजचा, दिवसा उजेडी काढलेला गॅलरीतला फोटो व्हॉट्सअॅपवर मागा. जो 'साहेब, एकदम भारी व्ह्यू आहे' एवढंच म्हणत राहतो आणि फोटो पाठवत नाही, त्याच्याकडे पाणी काठाला नसतं असं समजून चाला.

कुठे उतरायचं

वस्तीचं मुख्य गाव शेंडी. धरण, बाजार, एसटी थांबा, जेवणाच्या खानावळी आणि बहुतेक हॉटेलं इथेच आसपास. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थानही या बाजूला, पाण्यालगत आहे. त्याचं बुकिंग महामंडळाच्या संकेतस्थळावरून होतं, आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार तिथे लवकर भरतात. शेंडीची बाजू जलाशयाच्या पूर्व टोकाला येते, त्यामुळे तिथून पाणी पश्चिमेला दिसतं. मावळता सूर्य बघायचा तर हीच बाजू. त्याच कारणाने एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर या खोल्या भाजून निघतात.

दुसरा पर्याय उत्तर काठावरचा: मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावं. इथे छोटे रिसॉर्ट, घरगुती मुक्काम आणि तंबू. समोर पाणी आणि त्यापलीकडे रतनगडाची रांग. शांतता जास्त, पण दुकान, औषध, दुसरं जेवण काहीही हवं असेल तर गाडी काढून शेंडीला यावं लागतं. तिसरा पर्याय रतनवाडी किंवा साम्रद. रतनगड चढायचा किंवा सांदण दरीत उतरायचं असेल तरच तिथे राहा. गावकऱ्यांच्या घरात चटई-गोधडीवर झोपायची आणि सामायिक संडासाची तयारी हवी. त्या बदल्यात पहाटे उठून शेंडीहून वीस-पंचवीस किलोमीटर वळणं घेत यायचं वाचतं.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर शेंडीच. आणि बुकिंग करताना एक प्रश्न न चुकता विचारा: गाडी लावतो तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या? काठावरची हॉटेलं उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेली असतात. पाण्याजवळची खोली म्हणजे सर्वांत खालची खोली, आणि जेवणघर बहुधा सगळ्यांत वर. दिवसातून तीन वेळा साठ-सत्तर ओल्या पायऱ्या चढणं गुडघेदुखीवाल्या आजींना जमणार नाही. त्यांच्यासाठी जेवणघराशेजारची खोली घ्या, नजारा तरुणांना राहू द्या.

पावसाळ्यात पाण्यासमोरची खोली घेऊ नका

ऐकायला उलटं वाटतं, पण जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा एवढ्या काळात जलाशयाकडे तोंड असलेल्या खोलीचे जादा पैसे वाया जातात. घाटमाथ्यावरचा पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून झड मारतो. घाटघर-रतनवाडी भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा याच दिवसांत. पश्चिमेची भिंत ओल धरते, खिडकीच्या फटीतून पाणी आत येतं, गॅलरीतल्या खुर्च्या भिजलेल्या, आणि समोर धुकं. तळं दिसलं तर दिवसातून दहा मिनिटं. मागच्या बाजूची, पूर्वेकडची खोली स्वस्त मिळते आणि कोरडी असते. नजाऱ्यासाठी रेनकोट घालून बाहेर या.

छपराचीही चौकशी करा. पत्र्याच्या छपराखाली जुलैतल्या रात्री झोप लागत नाही, इतका आवाज होतो. तीच खोली मेमध्ये भट्टी होते. स्लॅबची खोली बरी, पण सर्वांत वरच्या मजल्याची नको, कारण गळती तिथूनच सुरू होते. खोलीत शिरल्यावर आधी गादीचा कोपरा उचलून खाली हात लावून बघा. दमट असेल तर सामान उघडण्याआधी बदलून मागा. रात्री दहाला कुणी बदलून देत नाही.

सप्टेंबर अखेर ते फेब्रुवारी या काळात मात्र समोरची खोली पैसे वसूल करते. धरणात बऱ्यापैकी पाणी, हवा धुतलेली, सकाळी पाण्यावर धुक्याचा थर. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं, काठावर त्याहून जास्त बोचतं. हॉटेलचं एक ब्लँकेट पुरत नाही. माणशी दुसरं आधीच सांगून ठेवा, किंवा घरची गोधडी गाडीत टाका.

फोनवर विचारायचे प्रश्न

फोटो आणि पायऱ्या झाल्या. आता हे विचारा, आणि उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या:

- गरम पाणी कशावर? सोलर असेल तर पावसाळ्यात ते नावालाच. गॅस गिझर किंवा चुलीवरचा बंब असेल तर ठीक. बंबाचं पाणी बादलीने येतं, त्यामुळे सहा जणांच्या अंघोळी उरकायला दीड-दोन तास धरा.
- वीज गेली तर काय? इथे पावसाळ्यात वारा सुटला की झाडं तारांवर पडतात आणि लाइट तासन्‌तास जाते. नुसता इन्व्हर्टर असेल तर दिवे आणि पंखे चालतात, पाण्याची मोटर नाही. टाकी संपली की नळही कोरडे. जनरेटर आहे का, आणि मोटर त्यावर चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.
- जेवण दरात धरलेलं आहे का? असेल तर किती वेळचं? ताट ठरावीक की पोटभर?
- गाडी आवारात लागेल की रस्त्यावर?
- प्रशासनाने पर्यटनबंदी केली किंवा रस्ता बंद झाला तर आगाऊ रक्कम परत मिळेल की पुढची तारीख?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नंतर भांडतात. अतिवृष्टीचा इशारा आला की धबधबे आणि दऱ्यांकडे जायला बंदीचे आदेश निघतात. हॉटेल उघडं असतं म्हणून मालक पैसे परत देत नाही. त्याचंही अगदी चूक नाही, म्हणून आधीच ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी निम्मी रक्कम आगाऊ मागतात. ती भरल्यावर तारीख, खोल्या, माणसं, जेवणं आणि उरलेली रक्कम एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याचं 'हो' घ्या. लहान हॉटेलांत वही हाच संगणक असतो आणि गर्दीच्या शनिवारी एकच खोली दोघांना दिली जाण्याचे प्रकार होतात.

पोचायचं कसं

मुंबईहून नाशिक महामार्गाने कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून उजवीकडे वळून बारी, वारंघुशीमार्गे शेंडी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे भिवंडीजवळ आमणेला चढून इगतपुरीला उतरलं की कसारा घाट टळतो. टोल जास्त बसतो, पण पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी घाटात दोन तास उभं राहण्यापेक्षा तो परवडतो. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. नाशिकहून घोटीमार्गेच.

घोटी ते शेंडी हे पस्तीसेक किलोमीटर नकाशावर किरकोळ दिसतात. धुकं असेल तर त्यांना दीड तास लागतो. हेडलाइट खालीच ठेवा. वर केला की धुक्याची पांढरी भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. अंधार पडायच्या आत पोचायचा हिशेब करून निघा. पेट्रोल आणि रोख रक्कम घोटीत किंवा राजूरला घ्या. शेंडीत एटीएमच्या भरवशावर राहू नका, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. माणशी निदान हजारभर रुपये सुट्या नोटांत ठेवा. वन खात्याचं प्रवेशशुल्क, वाटाड्या, चहावाला, सगळीकडे तेच लागतात.

रेल्वेने येणार असाल तर इगतपुरी किंवा कसारा. तिथून घोटी, आणि घोटीहून एसटी किंवा काळीपिवळी जीप. दुपारनंतर गाड्या विरळ होतात. संध्याकाळी पाचला घोटीत उतरलात तर जीप पूर्ण भाड्याने करावी लागेल असं धरून चाला.

जेवणाची सांगड

इथल्या स्वयंपाकघरांचा सगळ्यांत मोठा घोळ हा की लोक भूक लागल्यावर ऑर्डर देतात. लहान हॉटेलांत माल मोजून आणलेला असतो. रात्रीचं जेवण दुपारी चारच्या आत सांगा: किती भाकऱ्या, किती पोळ्या, शाकाहारी किती. गावरान कोंबडी हवी असेल तर सकाळीच. ती शिजायलाच दीड-दोन तास घेते. दीड किलोचा कोंबडा पाच जणांना पुरतो, सहाव्याला रस्सा. ब्रॉयलर अर्ध्या वेळात शिजतो, म्हणून तासाभरात 'गावरान' ताटात आली तर ती गावरान नाही.

मेन्यूकार्डावरचं पनीर आणि मंचुरियन सोडा. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, हुलग्याचं कालवण, जलाशयातले मासे हे मागा. अकोले तालुक्याच्या या डोंगरी भागात काळभात आणि रायभोग हे जुने सुवासिक तांदूळ पिकतात. साधा भात असतो त्याऐवजी हा करून देता का, असं विचारायला काहीच हरकत नाही. माहीत असलेलं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर स्वयंपाकीण खूश होते आणि भात खरंच चांगला होतो. परतताना दोन-तीन किलो घेऊन जा, पण रस्त्यावरच्या टपरीतून नको, हॉटेलमालकाकडून गावातल्या शेतकऱ्याचा मागवा.

पिण्याचं पाणी: पहिल्या पावसात विहिरी आणि झऱ्यांचं पाणी गढूळ येतं आणि पोटं तेव्हाच बिघडतात. पाच जणांच्या कुटुंबाला दोन दिवसांना वीस लिटरचा एक जार आणि वर चार-पाच बाटल्या लागतात. जार घोटीला घ्या.

कळसूबाईला जायचं असेल तर आदल्या रात्री सांगून पहाटेचा चहा आणि बांधून दिलेलं पिठलं-भाकरी घ्या. पायथ्याचं बारी गाव शेंडीहून घोटीच्या रस्त्यावरच, दहा-बारा किलोमीटरवर आहे. १,६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर तीन-चार तासांत चढून होतं. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि सुटीच्या दिवशी नऊनंतर त्यांवर रांग लागते. म्हणून साडेचारला खोली सोडा. फाटकाला रात्री कुलूप घालतात, किल्ली कुणाकडे ते झोपण्यापूर्वी विचारून ठेवा.

धबधबे पावसाने नव्हे, झडपेने पडतात

निदान दोन मोठे तरी. अम्ब्रेला फॉल धरणाच्या भिंतीलगत आहे. झडपेतून सोडलेलं पाणी गोलसर खडकावर पसरून छत्रीसारखं पडतं. झडप बंद असेल तर तिथे फक्त खडक असतो. शेंडीपासून दहाएक किलोमीटरवरचा रंधा धबधबा प्रवरेवरचाच, धरणाच्या खाली. म्हणून तोही धरणातून किती पाणी सुटतंय त्यावर अवलंबून. जुलैच्या सुरुवातीला धो धो पाऊस पडत असूनही रंधा बारीक दिसतो, कारण वरचं पाणी अजून धरणात साठतंय. धरण भरून सांडव्यातून विसर्ग सुरू झाला की त्याचं खरं रूप दिसतं. त्यामुळे 'रंधा बघायचाच' असेल तर मुक्काम ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात ठेवा, आणि निघायच्या आदल्या दिवशी विसर्ग किती क्युसेक आहे ते बातमीत बघा.

नदीपात्रात उतरू नका. विसर्ग वाढवताना भोंगा वाजवतात, पण पाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही, आणि पाणी चढायला काही मिनिटं पुरतात.

पांजऱ्याकडचा नेकलेस फॉल आणि घाटघरच्या रस्त्यालगतचे असंख्य बिननावाचे ओहोळ मात्र खरे पावसाचे. ते जुलैतच बघावेत.

जलाशयाचा वळसा

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि परत शेंडी असा पाण्याभोवतीचा रस्ता आहे, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचा. बघत बघत करायला पूर्ण दिवस ठेवा. सकाळी आठला निघा आणि घाटघरकडून सुरुवात करा. तिथल्या कोकणकड्यावरून सरळ खाली कोकण दिसतं, पण दहा-अकरानंतर खालून ढग चढू लागतात. पायथ्याशी घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा. कमी मागणीच्या वेळी खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रचना. वरचं छोटं धरण रस्त्यावरूनच दिसतं.

साम्रदला सांदण दरी. पावसाळ्यात ती पाण्याची वाट असते, तेव्हा तिथे उतरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. नोव्हेंबर अखेर ते मे हाच काळ. दोन कड्यांमधल्या अरुंद फटीत मोठाले गोटे आहेत आणि सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्यात पाणी कमरेपर्यंतही असू शकतं, मेमध्ये पोटरीपर्यंत. नवख्यांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि पहिल्या टप्प्यानंतर परत फिरावं. पुढे दोर लागतो. 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असे फलक दिसतील. कुणी मोजली कोण जाणे, दरी तशीही बघण्याजोगी आहे.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन आहे आणि बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम बारकाईने बघायला तासभर हवा. शेजारची पुष्करणीही चुकवू नका. गडाची चढण इथूनच सुरू होते.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास पोलिस कधी कधी हा वळसा एकेरी करतात. मग राहायची जागा दोन किलोमीटर मागे राहिली तर चाळीस किलोमीटर फिरून यावं लागतं. सकाळी निघण्यापूर्वी हॉटेलात आजची वाहतूक कशी आहे ते विचारा.

बोट, काठ आणि चिखल

बोट हिवाळ्यात, सकाळी. दुपारनंतर वारा उठतो आणि पाण्यावर लाटा येतात. रतनवाडीकडे जाणारी बोट पाणी उतरल्यावर गावापासून दूरच थांबते, उरलेलं अंतर गाळातून चालत. म्हणून मार्चनंतर बोटीने देवळाला जायचा हट्ट सोडा, रस्ता बरा. लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. त्याचे बंद तुटलेले असतील तर दुसरं मागा.

पोहणं मात्र नाहीच. काठ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत नाही. पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेलं असतं, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर पाण्यात जातं. तळाचा गाळ पाय धरतो. बुडालेल्यांत पट्टीचे पोहणारे असतात ते याच कारणाने.

पाणी मागे सरकल्यावर उघडी पडते ती गाळपेर जमीन. हिवाळ्या-उन्हाळ्यातले बरेचसे तंबू तिथेच लागतात. वरून ती सुकून तडकलेली, टणक दिसते. तिच्यावर गाडी नेण्याचा मोह होतो आणि चारेक इंच कवचाखालचा ओला गाळ चाक गिळतो. एक्सलरेटर देत राहिलात तर गाडी बोनेटपर्यंत बसते. लगेच थांबा, माणसं उतरवा, चाकांपुढे दगड किंवा पेंढा घाला आणि दुसऱ्या गियरमध्ये हळू काढा. तेही जमलं नाही तर गावातून ट्रॅक्टर मागवा. ट्रॅक्टरवाला त्या दिवशी भाव करत नाही.

तंबूत राहणार असाल तर तो पाण्यापासून निदान पन्नास पावलं वर आणि किंचित उंचवट्यावर मागा. अवकाळी पावसात खोलगट जागेतल्या तंबूखाली तळं साचतं. संडास तंबूपासून किती लांब, हे अंधार पडायच्या आत एकदा चालून बघा.

काजव्यांचे तीन आठवडे

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागेपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीच्या झाडांवर काजवे लखलखतात. मुरशेत ते घाटघर आणि रतनवाडी-मुतखेल या पट्ट्यात जास्त. वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी याच दिवसांत असते आणि खोल्यांचे भाव शनिवारी दुपटीच्या पुढे जातात. मंगळवार-बुधवार गाठा. अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम, पौर्णिमेच्या चांदण्यात मजा निम्मी होते. जोराचा वळीव होऊन गेलेल्या रात्री काजवे कमी दिसतात, ढगाळ आणि दमट, वारा नसलेल्या रात्री जास्त.

सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खातं दरवर्षी प्रवेशाच्या वेळा आणि नियम जाहीर करतं. ते निघण्यापूर्वी बघा, कारण उशिरा पोचलेल्या गाड्या नाक्यावरून परत पाठवतात. सोपा मार्ग असा की नाक्याच्या आत, उत्तर काठावर मुक्काम धरायचा आणि जेवण उरकून पायी, गावातल्या माणसाबरोबर जायचं. हेडलाइट बंद, विजेरी लाल कागद लावून जमिनीकडे, फ्लॅश नाही. काजवा उजेडाने जोडीदाराला बोलावतो, आपला उजेड पडला की झाडच्या झाड विझतं आणि बराच वेळ पेटत नाही. मोबाइलमध्ये तो नीट येतही नाही. फोटो हवाच असेल तर कॅमेरा, तिपाई आणि वीस-तीस सेकंदांचं एक्सपोजर लागतं.

पिशवीत काय

पावसाळ्यात छत्री कामाची नाही, वाऱ्यात उलटते. रेनकोट घ्या, आणि सँडलपेक्षा दणकट तळव्याचे बूट. बूट भिजल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. म्हणून रद्दीची चार वर्तमानपत्रं बरोबर असू द्या. कपडे वाळत घालायला दोरी, स्वतःची चादर, कापराच्या वड्या, विजेरी, पॉवर बँक. कपड्यांचे दोन जोड जास्तीचे, कारण एकदा भिजलेलं तिथे सुकत नाही. बाहेर ठेवलेला बूट सकाळी आपटूनच घाला, विंचू आत शिरून बसतो. या भागात बिबट्याही आहे, त्यामुळे रात्री उरलेलं अन्न आणि हाडं खोलीबाहेर ठेवू नका. त्या वासाने आधी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो.

नेहमीची औषधं घरूनच घ्या. मोठी गरज पडली तर राजूर, घोटी किंवा थेट नाशिक गाठावं लागतं.

निघायच्या दिवशी रविवार असेल तर जेवून दुपारी तीनला निघू नका, सगळे त्याच वेळी निघतात आणि घोटीच्या फाट्यापासून रांग सुरू होते. सकाळचा चहा-पोहे घेऊन नऊच्या आत बाहेर पडा, नाहीतर सरळ सोमवारी पहाटे निघा. रविवारच्या रात्रीची खोली बहुतेक ठिकाणी मागाल त्या भावात मिळते.